वैद्यकीय पर्यटनाची नजर पैसेवारी

माझी मावशी न्यू जर्सीला असते. दर दोन वर्षांनी डिसेंबरात पुण्याला येते आणि सहा आठवड्यांतले निदान आठ-दहा दिवस दातांच्या डॉक्टरकडे काढते. मागच्या खेपेला दोन रूट कॅनाल, तीन कॅपा आणि एक इम्प्लांट झालं. बिल दीड लाखाच्या घरात गेलं. तिकडे एवढ्यात एक इम्प्लांटसुद्धा धड झालं नसतं, हे ती क्लिनिकचा जिना उतरता उतरता मला बोटांवर मोजून दाखवत होती. शिवाय दोघांची पूर्ण तपासणी, तीन चष्मे आणि बॅगेत मावतील तेवढी औषधं. डॉलर आले, रुपये झाले, लक्ष्मी रोडच्या अलीकडेच खर्चून गेले.

आता प्रश्न असा, की देशाला वैद्यकीय पर्यटनातून मिळालेल्या उत्पन्नात मावशीचे हे दीड लाख आले का? आले नाहीत. तिचा पासपोर्ट अमेरिकेचा आणि हातात भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड. पर्यटन मंत्रालय परदेशी पाहुण्यांची विभागणी येण्याच्या हेतूनुसार करतं: फिरायला आलेले, धंद्यासाठी आलेले, उपचारासाठी आलेले वगैरे. त्यात भारतीय वंशाच्या लोकांचा वेगळा रकाना आहे, मावशी त्यात जाऊन बसते. तिने पासपोर्ट भारताचाच ठेवला असता तर तिची गणती परदेशी पर्यटकांत न होता अनिवासी भारतीयांत झाली असती. दोन्हीकडे दात मात्र गायब. उलट बांगलादेशातल्या राजशाहीहून वैद्यकीय व्हिसावर कोलकात्याला आलेला एखादा गृहस्थ डोळे तपासून घेतो आणि मुलीच्या लग्नाची सगळी खरेदी न्यू मार्केटात उरकतो. तो अख्खाच्या अख्खा वैद्यकीय पर्यटक ठरतो, शालू-शेरवानीसकट.

हे सगळं उगाळायचं कारण म्हणजे दर काही वर्षांनी आपल्याकडे एक आकडा फुलतो. भारताला वैद्यकीय पर्यटनातून अमुक साली इतके अब्ज डॉलर मिळतील, असा. २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी ‘हील इन इंडिया’चा उल्लेख केला, खासगी क्षेत्राला सोबत घेऊन हे क्षेत्र वाढवू, व्हिसाचे नियम सोपे करू, असं सांगितलं. धोरण म्हणून त्यात वावगं काही नाही. पण अशा भाषणाच्या आगेमागे जे अंदाज छापून येतात, ते कसे शिजतात हे पाहिलं की मला माझे वडील आठवतात.

वडील तलाठी होते. सप्टेंबर सरता सरता सर्कलसाहेबांबरोबर बांधावर उभं राहून ते पिकाकडे नुसतं बघायचे आणि गावाची नजर पैसेवारी ठरायची, म्हणजे नेहमीच्या पिकाला रुपया धरला तर यंदाचं पीक किती पैसे, याचा नजरेचा अंदाज. बाजरी बरी दिसतेय, लावा अठ्ठावन्न पैसे. पुढे पीक कापणी प्रयोग व्हायचे. चिठ्ठीने निवडलेल्या शेतात दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा दोरी-खुंट्या लावून आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वाळवायचं, तागडीत घालायचं. त्यावरून सुधारित आणि मग डिसेंबरात अंतिम पैसेवारी. अठ्ठावन्नाची त्रेचाळीस झालेली मी पाहिली आहे. पन्नासच्या खाली आली की गावाला सवलती लागू व्हायच्या, म्हणून त्या तागडीभोवती किती माणसं जमायची! नजरेचा अंदाज कुणी वाईट मानत नव्हतं. तो पहिला टप्पा होता आणि पुढे तागडी येणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

वैद्यकीय पर्यटनाच्या उत्पन्नाचा आपला हिशेब गेली वीस-बावीस वर्षं बांधावरच उभा आहे. तागडी आलेलीच नाही.

सुरुवात २००२ ची. सीआयआय ही उद्योगांची संघटना आणि मॅकिन्सी ही सल्लागार कंपनी यांच्या अहवालात म्हटलं होतं, की २०१२ पर्यंत वैद्यकीय पर्यटनातून पाच ते दहा हजार कोटी रुपये मिळू शकतील. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परदेशी रुग्णांवरच्या उपचारांकडे निर्यात म्हणून बघायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी जसवंत सिंह यांनी अर्थसंकल्पात भारताला जागतिक आरोग्यकेंद्र बनवण्याची भाषा आणली. मग २०१५ मध्ये सीआयआय आणि ग्रँट थॉर्नटन यांनी सांगितलं, की ही बाजारपेठ तीन अब्ज डॉलरची आहे आणि २०२० पर्यंत ती सात-आठ अब्जांवर जाईल.

यातला कुठलाही आकडा घ्या आणि त्याला माणसांनी भागून बघा. शाळेत गणिताचा ताळा करायला शिकवतात, तेवढंच. २०१५ मध्ये उपचारासाठी आलेल्या परदेशी लोकांची सरकारी संख्या सुमारे २.३४ लाख होती. तीन अब्ज डॉलरला तिने भागलं की माणशी साधारण १२,८०० डॉलर येतात, म्हणजे तेव्हाच्या भावाने आठ लाखांवर रुपये. आठ अब्जांचं स्वप्न २०२० चं होतं. ते साल महामारीने खाल्लं, ते कुणाच्या हातात नव्हतं, म्हणून आपण २०१९ च घेऊ. त्या वर्षी विक्रमी ६.९७ लाख लोक आले. तरी माणशी साडेअकरा हजार डॉलर पडतात. आणि आपली रुग्णालयं परदेशात जाहिरात काय करतात? भारतात बायपास पाच ते सात हजार डॉलरमध्ये होते, अशी. म्हणजे या अंदाजातला सरासरी रुग्ण इथे येऊन जवळजवळ दोनदा बायपास करून घेतो. डोळ्यांचा नंबर काढायला, मूतखडा दाखवायला, मागच्या ऑपरेशनची फेरतपासणी करायला आलेले हजारो लोक धरून!

‘त्यात अनिवासी भारतीय धरलेत, टुरिस्ट व्हिसावर येऊन उपचार घेणारे धरलेत,’ असं उत्तर मिळू शकतं. शक्य आहे. २०१४ अखेर सुरू झालेल्या ई-व्हिसावर अल्पमुदतीचे उपचार घेण्याची मुभा होतीच, वेगळा ई-मेडिकल व्हिसा २०१७ मध्ये आला. पण मग ती माणसं किती धरली, हे त्या आकड्याशेजारी छापायला हवं. माझ्या मावशीला धरायचं असेल तर जरूर धरा, फक्त तिचे दात आणि कुणाचं तरी यकृत एकाच सरासरीत कोंबू नका.

गंमत म्हणजे २००२ चा पहिला अंदाज सगळ्यात कमी चुकला असावा. २०१२ मध्ये १.७१ लाख लोक आले. पाच हजार कोटी म्हणजे माणशी तीन लाखांच्या आत, हे पटण्यासारखं आहे. दहा हजार कोटी म्हणजे माणशी पावणेसहा लाख, हे पटत नाही. पण मथळ्यांत, भाषणांत आणि रुग्णालयांच्या कर्जप्रस्तावांत पुढची दहा वर्षं कोणतं टोक फिरत राहिलं? वरचं. ‘दोन अब्ज डॉलर.’ अंदाज देणाऱ्याने पट्टा दिला होता, वापरणाऱ्यांनी त्यातलं एक टोक कापून घेतलं.

मोजायचं काय, इथपासूनच घोडं पेंड खातं. थायलंड या क्षेत्रातला जुना खेळाडू. तिथल्या परदेशी रुग्णांची संख्या दहा लाखांच्या वर सांगितली जायची. मग संशोधकांनी पाच मोठ्या खासगी रुग्णालयांच्या २०१० सालच्या नोंदी एकेक करून तपासल्या. हा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला आहे. नोंदी निघाल्या नऊ लाखांहून जास्त. त्यातल्या उपचारासाठी म्हणून देशात आलेल्यांच्या भेटी सुमारे सव्वातीन लाख. उरलेल्यांत बँकॉकमध्ये नोकरी करणारे परदेशी, सुट्टीवर असताना पोट बिघडलेले पाहुणे असा गोतावळा. आणि या सव्वातीन लाख भेटी करणारी माणसं किती? एक लाख पाच हजारांच्या आत. एकच माणूस रक्त द्यायला येतो, रिपोर्ट घ्यायला येतो, टाके काढायला येतो, दर वेळी तो नवा ‘परदेशी रुग्ण’. सगळ्या देशाचा मिळून त्यांचा अंदाज १.६७ लाखांचा होता. पीक कापणी प्रयोग म्हणतात तो हा. दहा बाय दहाचा तुकडा कापला आणि दहा लाखांची पैसेवारी बसली.

आपल्याकडे या गोंधळात नातेवाइकांची भर आहे. वैद्यकीय व्हिसावर येणाऱ्याबरोबर दोघांना सोबतीचा व्हिसा मिळतो. सरासरी खर्च रुग्णामागचा काढलात आणि गुणलं मात्र आलेल्या डोक्यांनी, की उत्पन्न बसल्या जागी तिप्पट.

अमेरिकेत याहून मोठी फजिती झाली. २००८ मध्ये डिलॉइट या सल्लागार कंपनीने म्हटलं, की २००७ साली साडेसात लाख अमेरिकी लोक उपचारांसाठी परदेशी गेले आणि २०१० पर्यंत ही संख्या साठ लाख होईल. त्याच वर्षी मॅकिन्सीने जगभरातून असे, खाटेवर दाखल होणारे रुग्ण मोजले, ते ६० ते ८५ हजार निघाले. एकाने टाचदुखीपासून सगळे धरले, दुसऱ्याने कठोर व्याख्या लावली. साठ लाख अमेरिकी २०१० मध्ये कुठेच दिसले नाहीत. पण त्या साठ लाखांकडे बघून आपल्याकडे किती ‘इंटरनॅशनल लाउंज’ सजले असतील! अजूनही बऱ्याच माहितीपत्रकांवर सोनेरी केसांची बाई हसत असते. लाउंजमध्ये प्रत्यक्षात बसलेली असते ढाका, बगदाद, मोगादिशू, मस्कत किंवा ताश्कंदहून आलेली मंडळी.

आणि खरी गोम इथेच आहे. अंदाज बांधणारे गेल्या काही वर्षांची वाढ घेतात, टक्का काढतात आणि चक्रवाढीने पुढे ओढतात. दरसाल पंधरा टक्के, वीस टक्के. जणू रुग्ण म्हणजे बँकेतली मुदत ठेव. आपली आकडेवारीच सांगते की हे असं चालत नाही. २०१३ मध्ये सुमारे २.३७ लाख, २०१४ मध्ये १.८४ लाख, २०१५ मध्ये पुन्हा २.३४ लाख आणि २०१६ मध्ये एकदम ४.२७ लाख. शेजारच्या देशांतली हृदयं एका वर्षात दुपटीने बिघडत नसतात. बदलतो तो व्हिसा, बदलते ती सीमा, बदलतो तो चलनाचा भाव. किंवा मोजायची रीत.

२०२४ पर्यंत तरी भारतात उपचाराला येणाऱ्यांत निम्म्याहून कितीतरी जास्त लोक एकट्या बांगलादेशचे असत. विमानाने येणारे असतच, पण बेनापोल-पेट्रापोलची हद्द ओलांडून बसने येणारे खूप. कोलकात्याच्या ईएम बायपास रस्त्यावर, मुकुंदपूरला रुग्णालयांच्या भोवती जे गेस्ट हाउस उभे राहिले ते यांच्यासाठी, स्वयंपाकाची सोय असलेल्या खोल्यांचे. मार्क्विस स्ट्रीटवर टाका, म्हणजे बांगलादेशचं चलन, बदलून देणारी दुकानं यांच्यासाठी. थेट तमिळनाडूतल्या वेल्लोरला सीएमसी रुग्णालयाच्या गल्ल्यांत बंगाली पाट्या आणि माछ-भाताच्या खाणावळी आहेत, त्यांना पश्चिम बंगालबरोबरच बांगलादेशचेही रुग्ण जगवत आले.

२२ जून २०२४ ला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. बांगलादेशी रुग्णांसाठी ई-मेडिकल व्हिसा सुरू करू, रंगपूरला नवं सहायक उच्चायुक्तालय उघडू, अशी घोषणा पंतप्रधान मोदी यांनी त्या दिवशी केली. त्या संध्याकाळी कुणी अंदाज बांधायला बसला असता तर त्याने आलेख उभाच्या उभा वर नेला असता आणि त्याला कुणी चूकही म्हटलं नसतं. पुढे चव्वेचाळीस दिवसांनी, ५ ऑगस्टला, हसीना देश सोडून भारतात आल्या. व्हिसा केंद्रं बंद झाली, नंतर उघडली ती मोजक्या, तातडीच्या कामांपुरती. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस जुलैपासून बंदच होती. नोव्हेंबरअखेर कोलकात्यातल्या आणि आगरतळ्यातल्या एकेका रुग्णालयाने बांगलादेशी रुग्ण घेणार नाही, असंही जाहीर करून टाकलं. मार्च २०२५ मध्ये बांगलादेशी रुग्णांची पहिली तुकडी चीनच्या कुनमिंगला गेली. ज्या खोल्यांना महिनोन्‌महिने आधी नोंदणी लागायची, त्यांचे मालक दारात उभे राहायला लागले. २०२४ चा वार्षिक आकडा तरीही ६.४४ लाख दिसतो, कारण वर्षाचे पहिले सात महिने जुन्या दुनियेतले होते.

हा काही एकटा अपघात नाही. २५ ऑगस्ट २०२१ ला, तालिबान काबूलमध्ये शिरल्यानंतर दहा दिवसांनी, भारताने अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा एका आदेशाने रद्द ठरवले. दिल्लीच्या लाजपतनगरात अफगाण रुग्णांवर चालणारी नान-कबाबाची दुकानं, दुभाषे, औषधवाले त्या आठवड्यात बसले. पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी रुग्णांच्या वैद्यकीय व्हिसांना २९ तारखेची मुदत दिली गेली. नायजेरियात जून २०२३ मध्ये नायराचा बांधलेला भाव सोडला. डॉलरला साधारण ४६० नायरा होते, ते पुढच्या वर्षी दीड हजारांवर गेले. चेन्नईच्या रुग्णालयाने दर एका पैशानेही वाढवला नसला तरी लागोसच्या माणसाला तेच ऑपरेशन तिपटीहून महाग झालं. कुठल्याही व्हिसा अधिकाऱ्याने नकार न देता तो रुग्ण यादीतून गेला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. भारताच्या वैद्यकीय पर्यटनाचं उत्पन्न हा एकच एक आकडा नाही, ती दहा-बारा देशांशी असलेल्या संबंधांची बेरीज आहे. अंदाज बांधायचा तर देशागणिक बांधावा लागेल. ढाक्याशी सूत जुळलं तर इतके, आज आहे तसंच राहिलं तर इतके, बिनसलं तर इतके. इराकचे तेलाच्या भावावर. नायजेरियाचे नायरावर. हे सगळं लिहून काढलं की शेवटी जो पट्टा मिळेल तो इतका रुंद असेल की त्याचा मथळा होणार नाही. आर्थिक सल्लागारांना हे कळत नाही असं मला वाटत नाही. रुंद पट्टा विकला जात नाही, एवढंच.

भूतकाळाचं तरी नीट मोजता येईल की नाही? येईल, आणि इथे मला सरकारचा खरा राग येतो. रिझर्व्ह बँकेच्या आंतरराष्ट्रीय देण्याघेण्याच्या ताळेबंदात ‘प्रवास’ नावाची बाब असते आणि ताळेबंदाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत त्यातला आरोग्यासाठीचा प्रवास वेगळा दाखवायची सोय आहे. पण मार्क्विस स्ट्रीटवर रोख बदललेला टाका किंवा हुंडीने आलेला पैसा बँकेच्या वहीत कसा दिसणार? तिथे फक्त बँकेवर विसंबून भागत नाही. दुसरी वही रुग्णालयांच्या बिलांची. परदेशी रुग्णाचा पासपोर्ट, देश, व्हिसा, निदान, बिल हे सगळं त्यांच्या संगणकात असतंच. २०१५ च्या परकीय व्यापार धोरणात सेवा निर्यातीवर सवलत देणारी एसईआयएस नावाची योजना होती, तिचा लाभ घेताना मिळालेल्या परकीय चलनाचा हिशेब सीएच्या सहीनिशी द्यावा लागायचा. सवलत मागायची तेव्हा पै-पैचा हिशेब निघतो, देशाचा आकडा विचारला की ‘अंदाजे’.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे ताळेबंद तर कुणालाही बघता येतात. अपोलो, फोर्टिस, मॅक्स, मेदांता, नारायणा या पाच साखळ्यांचा २०२३-२४ मधला रुग्णालयांचा धंदा एकत्र केला तरी तो पस्तीस हजार कोटींच्या आत बसतो. आणि चार वर्षं आधीच्या सालासाठी वर्तवलेले आठ अब्ज डॉलर म्हणजे ८३ रुपयांच्या भावाने सहासष्ट हजार कोटी. देशातल्या पाच बड्या साखळ्यांनी देशी-परदेशी मिळून जे कमावलं त्याच्या जवळजवळ दुप्पट, तेही केवळ परदेशी रुग्णांकडून! या कंपन्या स्वतः परदेशी रुग्णांचा वाटा साधारण पाच ते दहा टक्के सांगतात. दहाच धरा, साडेतीन हजार कोटी झाले, म्हणजे चाळीस-बेचाळीस कोटी डॉलर. वेल्लोर, चेन्नई, कोलकाता, मुंबईची ट्रस्टची रुग्णालयं, छोटी नर्सिंग होम, डोळ्यांची-दातांची इस्पितळं यांच्यासाठी हे तिप्पट करा, सव्वा अब्ज डॉलर. राहणं, खाणं, टॅक्सी, खरेदी यांची भर घाला. दोन अब्जांच्या आसपास कुठेतरी येऊन थांबतो हिशेब. त्याला ६.४४ लाखांनी भागलं तर माणशी तीन हजार डॉलरच्या थोडं वर, अडीच लाख रुपये. बायपासवाला, मूतखडेवाला आणि नुसता नंबर काढून गेलेला यांची सरासरी म्हणून मला हे पटतं. अर्थात ही माझीही नजर पैसेवारीच. तिप्पट का, चौपट का नाही, याला माझ्याकडे तागडी नाही. पण दोन वेगळ्या बांधांवरून बघितलं आणि पीक साधारण तेवढंच दिसलं, इतकं म्हणता येईल.

बरं, आलेले सगळे पैसे देशात राहतात असंही नाही. रुग्ण आणून देणाऱ्या दलालाचं कमिशन बिलाचा चांगला लचका तोडतं आणि ते बऱ्याचदा रुग्णाच्या देशातच राहतं. गुडघ्याचे सांधे, झडपा, महागडी यंत्रं मोठ्या प्रमाणावर आयात होतात. विमानाचं तिकीट परदेशी कंपनीचं असू शकतं. निर्यातीचा आकडा सांगताना ही आयात वजा करायची रीत कापडाच्या धंद्यात आहे, हिऱ्यांच्या धंद्यात आहे, इथेच का नको? थायलंडबद्दल २०११ मध्ये दोन अभ्यासकांनी हिशेब मांडला होता. वैद्यकीय पर्यटनाची भर देशाच्या सकल उत्पादनाच्या ०.४ टक्के भरत होती, आणि त्याच वेळी सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर-नर्स परदेशी रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयांकडे ओढले जात होते. हा दुसरा आकडा डॉलरमध्ये सांगता येत नाही म्हणून तो अंदाजांत नसतोच.

महाराष्ट्रात ताळा करायला तर एक तयार वही आहे. मुंबई-पुण्यातली बरीच नामांकित रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. विश्वस्त कायद्याच्या ४१अअ कलमाखाली आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात आणि बाकीच्या रुग्णांच्या बिलांतले दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे असतात. मस्कतहून आलेल्या शेखचं बिलही त्या ‘बाकीच्यां’तच आलं. म्हणजे शंभर कोटींच्या परदेशी बिलांमागे दोन कोटी त्या निधीत दिसायला हवेत. धर्मादाय आयुक्तांनी या ट्रस्ट रुग्णालयांना वर्षाला एकच ओळ जास्तीची भरायला लावावी: परदेशी नागरिकांची एकूण बिलं किती. अख्ख्या राज्याचा नाही, पण एका भक्कम तुकड्याचा तरी आकडा हाती येईल. दहा बाय दहाचा.

‘अंदाज थोडा फुगलेला असला म्हणून काय बिघडलं? उमेद तरी वाढते,’ असं माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो. तो माणूस भला आहे आणि त्याच्या विभागात सुदानच्या एका मुलाचं ऑपरेशन त्याने स्वतःची फी सोडून केलेलं मला माहीत आहे. पण आकड्यांवर नुसती उमेद वाढत नाही. त्यांच्यावर सवलतीच्या जमिनी मागितल्या जातात, करमाफी मागितली जाते, कर्जं काढली जातात. मुकुंदपूरच्या गेस्ट हाउसवाल्याने वरचा मजला चढवताना कुठल्या सल्लागाराचा अहवाल वाचला नव्हता, पण सगळेच ‘वाढणार, वाढणार’ म्हणत होते ते त्याच्या कानावर होतंच. आता हप्ता त्याचा आहे, अहवाल लिहिणाऱ्याचा नाही. तुर्कस्तानने २०२३ सालासाठी वीस अब्ज डॉलरचं लक्ष्य जाहीर केलं होतं, सरकारी मोजणीत त्या सुमाराला दोन-तीन अब्ज निघाले. त्यांनी निदान मोजले आणि छापले.

आपल्याकडे पुढचा अंदाज येईल तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर मागच्या अंदाजाचं काय झालं ते छापायची सक्ती करावी. किती सांगितले होते, किती आले, कुठल्या देशाचे कमी पडले, कशामुळे. त्या पानानंतर ज्याला हवे त्याने खुशाल अब्ज लिहावेत.

मावशीचा काल फोन आला होता. या डिसेंबरात येतेय, दोन दात राहिलेत आणि काकांचा मोतीबिंदूही आता पिकलाय म्हणे. विमानतळावर येण्याचं कारण विचारलं तर काय सांगतेस, म्हणून मी सहज विचारलं. ती म्हणाली, ‘अरे काय सांगणार, माहेरी आलेय म्हणते.’